टाकीतलं ब्लीचिंग

कारखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत बाई एकट्या राहायच्या. नवरा गेला, कारखाना सांभाळणारा मुलगा संसार घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला, आणि बाईंना भांडायला उरला तो खालचा ऑपरेटर. कापड रंगवून निघालेलं काळंनिळं पाणी वाळूतून, कोळशातून गाळायचं, मग मीठ अडवणाऱ्या मेम्ब्रेनच्या लांब नळ्यांतून दाबून काढायचं आणि पुन्हा रंगाईला द्यायचं, हे त्याचं काम. बाई रोज खाली उतरून त्याच्या चार चुका काढत. त्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

तो रजेवर गेला आणि मेम्ब्रेनआधीच्या टाकीला कुबट वास सुटला. पाण्याला वास आला की ब्लीचिंग पावडर, हे बाईंच्या हाडीमांसी मुरलेलं. त्यांनी अख्खी पिशवी ओतली. वास गेला. बाई खूश.

नळ्या मात्र कामातून गेल्या. पाण्यातलं मीठ अडेना, कापडावर डाग उमटले, माल परत आला. ऑपरेटर रजेवरून येतो तोच मुलगाही धावत आला.

"टाकीत क्लोरीन सापडलंय! मेम्ब्रेनला ते चालत नाही, हेही मीच शिकवायचं का? उद्यापासून येऊ नकोस."

"साहेब, मी तर नव्हतोच..."

"मग काय भुतानं टाकलं?"

बाई जिन्यात उभ्या राहून ऐकत होत्या. गप्प बसावं, तर हा जाणार. बोलावं, तर मुलगा आपल्याला खाली पाऊल टाकू देणार नाही.

"भूत इथं उभं आहे," बाई म्हणाल्या. "मी टाकलं. एवढ्या नाजूक असतील, तर पाळण्यात घालून ठेवायच्या होत्यास तुझ्या नळ्या."

"आई! कितीदा सांगितलं, कशाला हात लावू नकोस म्हणून!"

"सांगायला तू असतोस कुठे?"

मुलानं हात पुढे केला. बाईंनी कमरेची, खालच्या दाराची किल्ली काढून त्याच्या तळहातावर आपटली. ऑपरेटरनं हुश्श केलं आणि पाना उचलून कामाला लागला. त्यानं वर पाहिलं नाही. एरवी बाईंनी त्यावरूनही त्याला झापलं असतं.

"कंटाळा आला तर फोन करत जा," मुलगा जरा नरमून म्हणाला.

"फोन कशाला? नळ्या बिघडल्या की येतोसच की."

तेवढ्यात फाटकाशी नव्या नळ्यांचा टेम्पो लागला, आणि मुलगा तिकडे वळला.