सायीच्या रंगाची सीट

मित्रांनो, मी एका बुटक्या, वेगवान स्पोर्ट्स कारमधली चालकाची सीट होते. आता माझे नुसते कातडे उरले आहे. गाड्यांच्या सीटा शिवणाऱ्या एका कारागिराच्या टेबलावर मी अंथरलेली असते. माझ्यावर तो नवे कातडे ठेवतो आणि हातोडीने ठोकून त्याला भोके पाडतो. टेबल खराब होऊ नये म्हणून खाली मी. दिवसभर ठोके बसतात, पण त्यांचे मला फारसे काही वाटत नाही. मला जे लागायचे ते आधीच लागून गेले आहे. तेच तुम्हाला सांगणार आहे.

माझा जन्म म्हणजे एका बैलाचा शेवट. गाडीच्या जाहिरातीत हे कोणी लिहीत नाही, म्हणून मीच सांगते. चुन्याच्या पाण्यात भिजवून माझे केस काढले. मोठ्या फिरत्या पिंपात क्रोमचे क्षार घालून मला कमावले, म्हणजे मी कधी कुजू नये असे केले. काटेरी तारेचे ओरखडे आणि गोचिडांचे डाग असलेला भाग कापून फेकून दिला. उरली ती मी. शेवटी माझ्यावर सायीच्या रंगाचा एक थर फवारला. हा थर तुमच्या डोक्यावरच्या केसाहूनही पातळ असतो. लोकांना वाटते आपण कातड्याला हात लावतो. खरे तर त्यांचा हात या थराला लागतो. तो आहे तोवर आम्ही सुंदर, आणि तो गेला की आम्ही पुन्हा मेलेल्या जनावराचे कातडे.

मला शिवले दोन बायकांनी, शेजारी शेजारी बसून.

"एवढी गोरी सीट. कोण बसणार गं हिच्यावर?" एकीने विचारले.

"आपण नाही. एवढं नक्की," दुसरी म्हणाली आणि तिने दाताने दोरा तोडला.

मग मी एका घरी आले. घरात तीन माणसे होती. दादा, त्याची आई आणि त्याचा धाकटा भाऊ. दादाचा रंग तयार करण्याचा कारखाना होता. भिंतींचा रंग, लोखंडाचा रंग, सगळे. दादाची बायको मी येण्याआधीच घर सोडून गेली होती आणि तिचा विषय कोणी काढत नसे.

मला सुरुवातीला दादा फार आवडायचा. पहिल्या दिवशी त्याने माझ्यावर हात फिरवला तो इतका हळुवार, की मला वाटले, किती प्रेमळ माणूस आहे हा. माझी चूक नव्हती. माझ्याशी तो प्रेमळच होता.

त्याने घरात एक पद्धत घातली होती. गाडीत बसायच्या आधी प्रत्येकाने गॅरेजच्या दाराशी उभे राहायचे. दादा एक पांढरे फडके ओले करून पिळायचा आणि समोरच्याच्या कपड्यावर मांडीपाशी, पाठीपाशी जोराने घासायचा. फडक्याला रंग लागला तर तो माणूस गाडीत बसणार नाही. खिशात पेन असेल तर नाही. डोक्याला तेल असेल तर मुळीच नाही. त्याच्या एका मित्राने एकदा विचारले, "अरे, आपण जेवायला चाललोय की ऑपरेशनला?"

"ऑपरेशनला. वळ आता," दादा म्हणाला.

मित्र हसला आणि वळला. आईला मात्र हसू येत नसे. तिचे गुडघे दुखत आणि उभे राहवत नसे. एकदा ती म्हणाली, "मी आपली मागे बसते. तिथे काय लागायचंय?"

"मागे सीटच नाहीये, आई. गाडी घेताना तुझाच विचार केला होता मी."

हे तो हसत म्हणाला. बोचरे बोलताना तो नेहमीच हसायचा.

आता धाकट्याविषयी. तो रसायनशास्त्र शिकलेला होता, पण त्याला काम मिळालेले नव्हते. दादा त्याला चारचौघांत 'आमचे शास्त्रज्ञ' म्हणायचा. "आमचे शास्त्रज्ञ सध्या चामड्यावर संशोधन करतात," असे म्हणून तो फडके त्याच्या अंगावर फेकायचा. दर सुट्टीच्या सकाळी मला साफ करणे हे धाकट्याचे काम होते.

आणि मित्रांनो, ते काम त्याच्याइतके चांगले कोणी करत नसेल. आधी तो मऊ ब्रशने शिवणीतली धूळ काढायचा, कारण धुळीतले खडे तसेच ठेवून पुसले तर ते घासपेपरचे काम करतात. साबण तो माझ्यावर कधी ओतायचा नाही. ब्रशवर फेस घ्यायचा, हाताच्या पंजाएवढा भाग हलक्या हाताने गोल गोल साफ करायचा आणि लगेच कोरडा करायचा. माझ्या मधल्या भागात हवेसाठी बारीक छिद्रे होती, तिथे तर तो श्वास रोखून काम करायचा. मग सावलीत वाळू द्यायचा आणि शेवटी मलमाचा अगदी पातळ हात. कितीदा तरी त्याच्या बोटांखाली मला मी जिवंत असल्यासारखे वाटले.

एवढे तो का करायचा, तेही सांगते. दादाच्या कारखान्यात रंग तपासण्याची एक खोली होती आणि तिथला म्हातारा तपासनीस लवकरच घरी बसणार होता. दादा म्हणाला होता, "माझे मित्र येणार आहेत गाडी बघायला. त्यांनी सीटला नावं ठेवली नाहीत, तर ती खोली तुझी." त्या पगारावर धाकट्याला आणि आईला दुसरीकडे राहायचे होते. आई रात्रीची भांडी आवरून गॅरेजच्या पायरीवर येऊन बसायची आणि हळू आवाजात म्हणायची, "दोन खोल्या पुरतील रे. एक खिडकी असली म्हणजे झालं. आणि दाराशी कोणी फडकं घेऊन उभं नसलं म्हणजे झालं."

मग एक दिवस माझ्या उजव्या कडेवर, जिथे मांडी घासून माणूस आत सरकतो, तिथे निळसर झाक दिसली.

दादाने ती पाहिली आणि सगळ्यांना बोलावले. आईकडे एक निळी शाल होती. तिने ती पांघरलेलीच होती. दादाने तिला दाराशी उभे केले. फडके ओले केले, पिळले आणि शाल घासली. खांद्यावर, पाठीवर, मग काखेत. आई भिंतीला धरून उभी होती. फडके पांढरेच राहिले.

"बघ, नाही सुटत रंग," धाकटा म्हणाला.

"नाही सुटत, म्हणजे सुटला तो सुटून गेला. आता माझ्या सीटवर आहे." दादाने फडके घडी करून खिशात ठेवले. "आजपासून आई गाडीत बसणार नाही. दवाखान्यात बस जाते ना?"

गॅरेजला लागूनच कपडे वाळत घालायची दोरी होती. दादा आत गेल्यावर धाकट्याने तिथे वाळत असलेली दादाची नवी जीन्स पांढऱ्या रुमालाने घासली. रुमाल निळा झाला. नवीन जीन्सचे असेच असते, मित्रांनो. तो निळा रंग धाग्याच्या आत शिरत नाही, वरवर बसून राहतो आणि मिळेल त्या वस्तूला लागतो. दादा सगळ्यांचे कपडे घासायचा. स्वतःचे कपडे त्याने कधीच घासले नव्हते.

"सांगतो त्याला," धाकटा म्हणाला.

"काही सांगू नकोस," आई म्हणाली. "आधी ती नोकरी पदरात पडू दे. माझं काय, बसनं जाईन मी."

त्याने रुमाल खिशात घातला. दर सुट्टीला तो डाग फिका करायचा, आणि दुसऱ्या दिवसापासून दादा त्याच जीन्समध्ये माझ्यावर बसायचा. हळूहळू निळा रंग वरच्या थरात मुरला. साबणाने तो निघेना.

मित्र येणार त्याच्या आदल्या दुपारी दादा कारखान्यातून थिनरचा डबा घेऊन आला. थिनर म्हणजे रंग पातळ करायचे किंवा काढायचे द्रव. रंगाच्या कारखान्यात ते पाण्यासारखे वापरतात.

"घे. निळ्याचा बाप निघेल यानं."

धाकट्याने कापसाच्या बोळ्यावर एक थेंब घेतला आणि माझ्या खालच्या बाजूला, कोणाला दिसणार नाही अशा जागी लावला. बोळा सायीच्या रंगाचा झाला. तो त्याने दादासमोर धरला.

"हे बघ. डागाबरोबर सीटचा रंगही जातोय. वरचा थर विरघळतो यात."

"कारखाना कोण चालवतं?"

"तू."

"थिनर जास्त कोणी बघितलंय, तू की मी?"

"तूच. पण दादा, हा भिंतीचा रंग नाही."

"खोली पाहिजे ना?" दादाने विचारले. मग त्याने एक खुर्ची ओढली आणि समोर बसला.

धाकट्याने नवा बोळा थिनरमध्ये बुडवला. मी तेव्हा मनातल्या मनात त्याला हाका मारल्या, पण सीटला आवाज नसतो. मग तो वाकला आणि घासू लागला.

तेच हात होते, मित्रांनो. श्वास रोखून छिद्रे साफ करणारे. आधी मला गार वाटले, मग भाजल्यासारखे. माझा थर मऊ झाला, चिकट झाला, त्याच्या गोळ्या होऊन सुटू लागल्या. निळा डाग गेला. त्याच्या जागी तळहाताएवढा करडा, खरखरीत, उघडा भाग उरला. दादा शेवटपर्यंत बघत बसला होता.

दुसऱ्या दिवशी मित्र आले. दादाने दार उघडले आणि म्हणाला, "ही बघा आमच्या शास्त्रज्ञांची करामत." सगळे वाकून बघू लागले. एक जण म्हणाला, "हे काय, उंदरानं खाल्लं का?" सगळे खूप हसले. धाकटा दाराशी पाण्याचे ग्लास घेऊन उभा होता.

मित्र गेल्यावर तो दादापाशी आला. "तू सांगितलंस म्हणून घासलं मी."

"म्हणूनच तुला ती खोली नाही," दादा शांतपणे म्हणाला. "तुला माहीत होतं ना, कातडं जाणार? बोळा दाखवलास मला. तरी घासलंस. उद्या कोणी दमदाटी केली तर खराब रंगाच्या डब्यावर तू चांगल्याचा शिक्का मारशील. तपासणीला असा माणूस घेऊन मी काय करू?"

सगळ्यात वाईट गोष्ट ही, की दादा खरे बोलत होता.

धाकटा म्हणाला, "डाग तुझ्या जीन्सचा होता."

"ठाऊक आहे. पहिल्याच दिवशी माझे हात निळे झाले होते."

"मग आईची शाल का घासलीस?"

"तुम्ही दोघं तोंड उघडता का, ते बघत होतो." दादाने गाडीची किल्ली उचलली. "नाही उघडलंत."

आई पायरीवर बसलेली होती. ती उठली आणि भिंतीला धरत आत गेली.

त्याच आठवड्यात गाडी या कारागिराकडे आली. त्याने माझी शिवण उसवली, मला सोलून काढले आणि त्याच रंगाचे नवे कातडे चढवले. मला त्याने ठेवून घेतले, कारण मी जाड आणि घट्ट आहे. अजूनही एवढे कौतुक माझ्या वाट्याला येते.

पुढे बऱ्याच दिवसांनी दुकानात ओळखीचा आवाज ऐकू आला. दादा होता. त्याने नवी सीट दाखवली. तिच्याही उजव्या कडेवर तसाच करडा, खरखरीत भाग होता.

"पुन्हा थिनर?" कारागिराने विचारले. "मागं तर म्हणत होतात, भावानं वाट लावली. या वेळीही त्यानंच का?"

"मी घासलं."

"का? तो कुठे गेला?"

"त्याला म्हटलं घास. तो नाही म्हणाला."

"मग?"

"मग काय. घालवला घरातून. म्हातारी पण गेली त्याच्याबरोबर, बरं झालं." दादाने खिसे चाचपले. "तुम्ही माप घ्या."

कारागीर माप घेऊ लागला. मी तिथेच, त्याच्या हाताखाली पडले होते. त्या दोघांना खिडकी मिळाली की नाही, हे मला कधीच कळले नाही. धाकट्याचा तो 'नाही' मला हवा होता. तो आला, पण एका सीटने उशिरा आला. आणि माझ्या जागी आलेली ती नवी बिचारी तरीही वाचली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात चामड्याची वस्तू असेल तर तिला उन्हात तापत ठेवू नका. आधी धूळ काढा, मग फेस हलक्या हाताने लावा आणि लगेच कोरडे करा. कोणतेही नवे औषध आधी दडलेल्या जागी थेंबभर लावून बघा. बोळ्याला रंग लागला तर तिथेच थांबा. समोर खुर्ची ओढून कोणीही बसलेले असो, थांबा.