टोचनावरची पिवळी गाडी

आमच्या कॅम्पात लिहिलेले नियम दोनचारच आहेत आणि ते कोणी पाळत नाही. न लिहिलेला नियम मात्र एकच, आणि तो मोडला तर तुमच्याकडे आठवडाभर कोणी कॉफीला येत नाही. तो असा: कोणी आपल्या राहत्या व्हॅनमागे ओढून न्यायला गाडी जोडत असेल, तर त्याच्याशी बोलायचं नाही. ‘गुड मॉर्निंग’सुद्धा म्हणायचं नाही. बोलण्याच्या नादात एखादी पिन लावायची राहते, हँडब्रेक तसाच राहतो, आणि मग ॲरिझोनाच्या त्या उन्हात रबराचा वास सुटतो.

थंडी पडली की आम्ही उत्तरेकडचे म्हातारे-म्हाताऱ्या इथे वाळवंटात उतरतो आणि निवडुंगांना फुलं आली की परत फिरतो. मी व्हेल्डा, मिनेसोटाची. माझी जीभ जरा तिखट आहे असं लोक म्हणतात. खरं बोलणाऱ्या बाईला लोक आणखी काय म्हणणार?

आर्डिस माझी शेजारीण. ती मात्र बाराही महिने इथेच राहायची, कोपऱ्यातल्या लहानशा ट्रेलरमध्ये. अख्ख्या कॅम्पाचे केस ती कापायची आणि आपल्या जुन्या पिवळ्या गाडीतून शेजारच्या कॅम्पांतही जायची. त्या गाडीची किल्ली दोरीत ओवून तिने गळ्यात घातलेली असायची. अंघोळीला जाताना काढायची की नाही, देव जाणे. तिच्या पहिल्या नवऱ्याने घरातल्या गाडीची किल्ली सगळी वर्षं स्वतःच्या खिशात ठेवली होती. तिला साधं दूध आणायला जायचं तरी त्याच्या तोंडाकडे बघावं लागायचं. त्याला सोडल्यावर तिने स्वतःच्या कमाईतून पहिली वस्तू घेतली ती ही गाडी.

त्या हिवाळ्यात एल्डन आला. मोंटानाचा विधुर, लांबट चेहऱ्याचा, कमी बोलणारा. त्याची व्हॅन एवढीशी, की आत पलंग उघडला तर स्वयंपाकघर मिटावं लागायचं. तो पहिल्यांदा केस कापायला आला तेव्हा त्याच्या डोक्यावर कापण्यासारखं बरंच होतं. पुढे पुढे कापायला काही उरलं नाही तरी येत राहिला. मी काय समजायचं ते समजले.

वसंतात त्याने आर्डिसला विचारलं, माझ्याबरोबर मोंटानाला येशील का? उन्हाळा तिकडे काढू, थंडीत परत इथे.

“माझी गाडी आली तर मी येईन,” आर्डिस म्हणाली. “ती नाही, तर मी नाही.”

“मग टोचन लावू,” एल्डन म्हणाला. त्याला तेवढंच बोलता यायचं.

व्हॅन लहान, पण गाडीही लहानच. जोडणीचा दांडा त्याने स्वतः बसवला, मागचे दिवे जोडले. निघण्याआधी एक चाचणी घ्यायची ठरली: कॅम्पाला एक फेरी मारायची. आम्ही घडीच्या खुर्च्या टाकून बसलो. इथे याहून चांगली करमणूक नाही.

एल्डनने दांडा अडकवला, पिना घातल्या, साखळ्या आडव्या टाकल्या. आर्डिस गाडीत अर्धी वाकून आपलं काम करत होती. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक खाली, आणि किल्ली कुलपात एक खाच फिरवून तशीच सोडायची. ती काढली तर स्टिअरिंग अडकतं आणि पुढची चाकं वळत नाहीत.

तेवढ्यात डेलबर्ट उगवला. नवा गडी, त्याच आठवड्यात आलेला, आणि तोंडाला कुलूप नावाची गोष्ट नाही.

“आर्डिस, उद्या माझे केस कापशील का? कानावर येतायत बघ.”

आम्ही सगळ्यांनी श्वास रोखला. माझ्या शेजारच्या बाईने तर टोपी तोंडावर ओढली.

“ये की सकाळी,” आर्डिस म्हणाली आणि दार लावून बाजूला झाली. ती एवढी चांगली आहे म्हणून. मी असते तर त्याचा कानच कापला असता.

व्हॅन निघाली. ऑफिसपर्यंतचा रस्ता सरळ, तिथवर सगळं झकास. मोठ्या निवडुंगापाशी एल्डनने वळण घेतलं आणि पिवळ्या गाडीची पुढची चाकं वळेचनात. गाडी तिरकी होऊन खडीवरून फरफटत निघाली, टायर किंचाळले, धूर निघाला. आम्ही सगळे ओरडत मागे धावलो. आमच्या वयाला धावणं म्हणजे काय ते विचारू नका.

एल्डन थांबला. आर्डिस सगळ्यांच्या पुढे पोचली होती. तिने झिजलेल्या टायरवर हात फिरवला आणि तिचा चेहरा दगडासारखा झाला.

“झालं,” ती म्हणाली. “मला हे माहीतच होतं. मी नाही येत, एल्डन. तू जा.”

“आर्डिस...”

“फरफटत जायचं असतं तर मी पहिल्याकडेच राहिले असते.”

सगळ्यांसमोर म्हणाली. एल्डनचे कान लाल झाले. तो पुढे झाला. गाडीत वाकला, गिअर पाहिला, ब्रेक पाहिला, मग स्टिअरिंगखाली हात घातला. बाहेर आला तेव्हा अगदी हळू विचारलं, “किल्ली?”

आर्डिसचा हात गळ्याकडे गेला. किल्ली तिथेच होती. सवयीने काढून तिने गळ्यात घातली होती.

कोणी हसलं नाही. डेलबर्टसुद्धा गप्प होता, पण आता त्याचा काय उपयोग? आर्डिस वळली आणि आपल्या ट्रेलरकडे चालू लागली. मी तिच्या मागे गेले, कारण अशा वेळी बाईला एकटं सोडत नाहीत.

“चूक माझी होती आणि मी त्याला काय काय बोलले,” ती पलंगावर बसून म्हणाली.

“मग माफी माग आणि मोकळी हो. टायर काय, दुसरे मिळतात.”

“टायरचं नाही गं. व्हेल्डा, ती गाडी म्हणजे माझा परत यायचा रस्ता आहे. नाही जमलं तर मी बसेन आणि निघून येईन, एवढाच भरवसा आहे मला. आणि किल्ली गाडीतच सोडून त्याच्या मागे बांधून जायचं? माझा हात आपोआप गेला तिकडे. पुन्हाही जाईल.”

“त्याला सांगितलंस हे?”

“असं कसं सांगायचं? की मी तुझ्याबरोबर येते, पण पळून यायची सोय करून?”

जाळीच्या दाराबाहेर कोणीतरी खाकरलं. एल्डन होता. हातात रुबार्बच्या आंबट देठांचा गोड केक, म्हणजे कोणीतरी त्याला समेटासाठी देऊन पाठवलं होतं. किती वेळ उभा होता कोणास ठाऊक.

“मला ती किल्ली थोडा वेळ देशील?” तो बाहेरूनच म्हणाला. “गाडीला हात नाही लावत. गावात माझ्या व्हॅनने जातो.”

आर्डिस उठली. मग तिने दोरी डोक्यावरून काढली आणि दार किलकिलं करून केक घेतला, किल्ली त्याच्या हातात ठेवली. तो गेल्यावर ती सारखी गळा चाचपत होती. आम्ही केक खाल्ला. अर्ध्याच्या वर मीच खाल्ला.

तो परत आला तेव्हा त्याच्याकडे दोन किल्ल्या होत्या. जुनी गाडी, साधी किल्ली, गावातल्या हार्डवेअरवाल्याने लगेच दुसरी कापून दिली होती.

“ही कुलपात राहील,” एल्डन म्हणाला. “आणि ही तुझ्या गळ्यात. हिने गाडीचं दार बाहेरून लावून टाक.” जुनी किल्ली दोरीसकट त्याने तिला परत दिली. मग त्याने श्वास घेतला, आणि तो माणूस इथे आल्यापासून पहिल्यांदाच सलग बोलला. “आर्डिस, तुझा परतीचा रस्ता मी मागे बांधून नेतो. मोंटानापर्यंत सगळे घाट चढवत नेतो. तुला वाटेल त्या दिवशी टोचन सोड आणि नीघ, मी पिना काढायला मदत करेन. पण ये.”

आर्डिस रडली. मग म्हणाली, “मला माफ कर, मी लोकांसमोर बोलले.”

“टायर तेवढे नवे घे,” तो म्हणाला, आणि ती रडता रडता हसली. मी तिथून निघाले. मला सगळं कळतं, कुठे थांबू नये हेही कळतं.

ते निघाले त्या सकाळी अख्खा कॅम्प खुर्च्या टाकून बसला होता, चिडीचूप. निरोप द्यायला आलेल्यांच्या हातांत बिस्किटं होती, जॅमच्या बाटल्या होत्या, पण कोणी चकार शब्द काढत नव्हतं. डेलबर्टच्या तोंडात त्याच्या बायकोने दालचिनीचा अख्खा रोल कोंबून ठेवला होता. आर्डिसने आपल्या गाडीच्या चारही चाकांना लाल रिबनी बांधल्या होत्या, म्हणजे चाकं फिरतात की नाही ते आरशात दिसावं. तिने किल्ली कुलपात फिरवली, दार लावलं, गळ्यातली चाचपली आणि मान हलवली. निवडुंगाच्या वळणावर लाल रिबनी गरगर फिरल्या आणि गाडी शहाण्यासारखी व्हॅनच्या मागे वळली. मग आम्ही एवढा कल्ला केला, की ऑफिसातला माणूस बाहेर आला.

उन्हाळ्यात तिचे फोन यायचे. नदी, मासे, एल्डनची बहीण. परत येण्याचं कधी निघालं नाही, आणि मी विचारलंही नाही, ही माझी कमाल समजा.

थंडीच्या सुरुवातीला एका दुपारी लहान व्हॅन फाटकातून आत आली आणि तिच्या मागे पिवळी गाडी. मी दारातच होते. सांगायला माझ्याकडे एवढं साचलं होतं, पण ती दोघं टोचन सोडत होती, आणि नियम म्हणजे नियम. आर्डिसला ते माहीत होतं. मुद्दाम सावकाश एकेक पिन काढत होती, माझ्याकडे बघून गालात हसत होती. शेवटची साखळी सुटल्यावर मी तिला अशी मिठी मारली, की ती कण्हली.

आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिच्या गळ्यात दोरी नव्हती.

“आर्डिस, गळ्यातली किल्ली कुठे गेली?”

तिने गळ्याला हात लावला आणि जरा आठवून पाहिलं.

“असेल इकडेच कुठेतरी,” ती म्हणाली. “बटाट्यांच्या टोपलीत बघितल्यासारखी वाटते. एल्डनला विचार.”

माझे डोळे भरून आले, आणि मी काही उठसूट रडणाऱ्यांतली नाही. एल्डन आत पलंग मिटून कॉफी टाकत होता. मी त्याला काही विचारलं नाही.