सतरावा कौल

उदयसिंहाचा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत लेथचा कारखाना आहे आणि त्याच्या बायकोचा मुरगूडला प्लॉट. म्हणजे, होता. कारखाना अजून आहे.

प्लॉट क्रांतीवहिनींना वडिलांनी दिलेला. त्या अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतात. तिथं दोन खोल्या बांधून स्वतःचा क्लास काढायचा, एवढं एकच मागणं त्यांनी लग्नानंतर कधी तोंडातून काढलं असेल. तोच प्लॉट तारण ठेवायच्या कागदावर सही घ्यायला उदयसिंह त्यांना माझ्या शाहूपुरीतल्या ऑफिसात घेऊन आला. मी करसल्लागार. परक्याच्या खुर्चीवर बायको मोठ्यानं बोलत नाही, हा त्याचा हिशेब.

उदयसिंह शेअर बाजारात ऑप्शन विकायचा आणि त्यालाच कर्जाचं भांडवल हवं होतं. सोप्या भाषेत, बाजार पडेल या भीतीचा विमा. घाबरणारा हप्ता देतो, विकणारा तो खिशात घालतो. बाजार खरंच पडला तर भरपाई विकणाऱ्याच्या बोडक्यावर. हप्ता किती घ्यावा हे काढायला त्यानं लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहिला होता. बाजार कुठं जाईल कुणालाच ठाऊक नाही, म्हणून कॉम्प्युटर फासे टाकून टाकून पुढच्या महिन्याचे पाचशे खोटे अवतार तयार करतो. प्रत्येकात भरपाई किती बसली ते बघायचं आणि सगळ्यांची सरासरी काढायची. तो झाला रास्त हप्ता. रीत चोख होती. मी सहसा कुणाच्या हिशेबाला चोख म्हणत नाही.

"बघ," त्यानं लॅपटॉप वहिनींपुढं फिरवला. पडद्यावर पाचशे रंगीत रेघा. "ह्या लाल पट्टीखाली रेघ गेली तरच प्लॉट जातोय. गेली का एक तरी?"

"पुन्हा चालवा," वहिनी म्हणाल्या.

पुन्हा तीच रेघांची जुडी, केरसुणीसारखी.

"झालं समाधान? शंभरदा चालव, ह्येच येणार!"

"उदय," मी म्हटलं, "दोनदा फासे टाकले आणि दोन्हीदा दान तेच? हे फासे नव्हेत, फोटो आहे."

"अण्णा, सीड दिलाय त्याला. फासे कुठनं सुरू करायचे त्यो आकडा. सीड एकच दिला की दान बी तेच."

"कितीचा दिलायस?"

"सतरा."

"सतराच का? एक का नाही?"

त्यानं टेबलावरची टाचणी उचलून परत ठेवली. "एकला चार रेघा खाली जात हुत्या. दोनला सात. सतराला सोच्छ आलं की!"

मला हसू आवरेना. त्याची आई झुंबरबाई गावदेवीला कौल लावते. गुरव मूर्तीवर ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. डावी पडली की झुंबरबाई म्हणणार, "पाकळी नीट वली नव्हती. परत लाव." उजवी पडली की देवी जागृत.

"पोरगा आईवर गेलाय," मी म्हणालो. "सतरावा कौल!"

"देवाचं येगळं अण्णा, ह्ये गणित हाय."

वहिनी हसल्या नाहीत. "माझ्या लग्नाला तीन लावले होते. पहिले दोन डावे. सासूबाईंनीच सांगितलं."

"मग? वाईट झालं व्हय तुझं?"

वहिनींनी त्याच्याकडं बघितलं नाही. मला विचारलं, "सही नाही केली तर काय होईल?"

"प्लॉट राहील."

"आणि घरी?"

ते खातं माझ्याकडं नव्हतं.

"विश्वास न्हाय म्हण की," उदयसिंह म्हणाला. "सरळ म्हण, अण्णांच्या म्होरं."

वहिनींनी पेन मागितलं.

काही आठवडे हप्ते आले. एकदा पेढेही आले. मग एका सोमवारी बाजार उघडला तोच खड्ड्यात. पायरी पायरीनं उतरला असता तर उदयसिंहाला सावरता आलं असतं. दुपारपर्यंत कर्जाचे सगळे पैसे भरपाईत गेले. कर्ज मात्र राहिलं आणि ते फेडायला प्लॉट विकला. विक्रीच्या कागदावर सही करायला वहिनींनी स्वतःचंच पेन आणलं होतं.

त्यानंतर उदयसिंह लॅपटॉप घेऊन धावत आला. "अण्णा, ही बघा! सीड चारमधली ही खालची रेघ. बाजार हुबेहूब असाच पडला!" आवाजात चक्क कौतुक. "म्हंजे प्रोग्रॅम बरोबर हुता."

"बरोबरच होता," मी म्हणालो.

झुंबरबाई भाजी मंडईत भेटल्या. गंमत म्हणून विचारलं, "काकी, आता देवीला नाही विचारायचं?"

"काय इचारू? तिनं दोनदा सांगितलं हुतं की," म्हणाल्या आणि मेथीची जुडी उलटीपालटी करून परत ठेवून दिली.

गेल्या महिन्यात हिशेबाला कागलला गेलो होतो. लेथ बंद, वर लॅपटॉप. उदयसिंह काहीतरी आकडे टाकत होता.

"प्लॉट परत येतोय का बघतोय. ह्या सीडला दोन रेघा वर जात्यात."

"कितवा कौल?"

"मोजायचं सोडलंय," तो म्हणाला आणि पुढचा आकडा टाकला.