जर्मनाच्या बोहल्यावर ठकुबाई

ठकुबाईला राग आला की वळ गावातल्या कोंबड्या अंडी पोटातच धरून ठेवायच्या. खोटं वाटत असेल तर कोंबड्यांना विचारा. त्या चैत्रात तर ती असा राग घेऊन केसरीनाथाच्या मांडवात उभी होती की दारातल्या केळीच्या खांबांनी माना टाकल्या.

ठकुबाई धवलारीण. आगऱ्यांच्या लग्नात भटजी मंत्र म्हणतो ते देवांसाठी. माणसांसाठी लग्न लावते ती धवलारीण. नवरीचा हात हातात घेऊन ती धवले गाते, कुळाच्या देवाला, विहिरीला, उखळा-मुसळाला नावं घेऊन लग्नाला बोलावते. तिच्या हातात नवरीचा हात पडला नाही तर गावच्या म्हाताऱ्या त्या लग्नाला लग्न म्हणत नाहीत, पार्टी म्हणतात. केसरीनाथाची बायको राहीबाई मरताना आपल्या लेकीचा हात ठकुबाईच्या हातात ठेवून गेली होती. "हिचं लगीन तूच लावायचं," एवढंच बोलली होती. आज त्याच लेकीचं, क्षितिजाचं लग्न होतं.

आणि केसरीनाथ म्हणत होता, "काकी, तू खाली खुर्चीवर बस. थोडासा गा, व्हिडिओवाला घेल. मंग डीजे हाय."

"आन् पोरीचा हात?"

"वर जागा न्हाय गं. मशीनवर दोघंच मावतात."

"मंग मशीनलाच सांग लगीन लावायला!"

आता हे मशीन कुठून आलं, तर केसरीनाथाच्याच जमिनीतून. वळच्या शेतांत तेव्हा भात सोडून पत्र्याची गोदामं उगवत होती आणि त्याचं सगळ्यात मोठं गोदाम एका परदेशी कंपनीनं भाड्यानं घेतलं होतं. नाव असं, की उच्चारताना जीभ दाताखाली यायची. म्हणून गाव नुसतं 'जर्मन' म्हणे. जगात जे जे उचललं जातं, दाबलं जातं, गरागरा फिरवलं जातं, त्याच्यामागे म्हणे जर्मनाचा पंप, जर्मनाची मोटर आणि जर्मनाचं तेल. धरणाचे दरवाजे काय, कारखान्यातले लोखंडी हात काय! केसरीनाथाचा मुलगा मनोज तर सांगायचा, सकाळचा सूर्यसुद्धा त्यांच्याच जॅकवर चढतो.

गोदामात प्रदर्शनासाठी ठेवलेला एक चौथरा होता. खाली कात्रीसारखे लोखंडी पाय. बटण दाबलं की तेलाच्या जोरावर पाय उघडायचे आणि चौथरा वर. जमीनमालकाच्या लेकीचं लग्न म्हणून मॅनेजरनं तो दिला, सोबत दुबे नावाचा इंजिनेरही दिला. केसरीनाथानं चौथऱ्यावर जरीचं कापड घातलं आणि त्याचं बोहलं केलं. नवरा-नवरी धुरातून वर जाणार, भिवंडी तालुका बघत राहणार!

ठकुबाई खुर्चीवर बसली नाही. मांडवाच्या खांबाला पाठ लावून, पदर कमरेला खोचून उभी राहिली. तिच्या आसपासची चार माणसं आपोआप लांब सरकली.

गोरज मुहूर्त जवळ आला. क्षितिजा आणि नवरा सार्थक बोहल्यावर चढले. डीजेनं असा ठोका दिला की शेजारच्या टेमघर गावातले कापडाचे लूम क्षणभर उलटे फिरले. धूर सुटला. मनोजनं बटण दाबलं.

चौथरा वर गेला. शिट्ट्या झाल्या. आणखी वर गेला. टाळ्या झाल्या. आणखी वर गेला तेव्हा टाळ्या थांबल्या, कारण झुंबर चेपलं. मग मांडवाचं कापड टरटरा फाटलं आणि जोडपं त्या भोकातून आभाळात गेलं. खाली वऱ्हाडाला दिसत होते फक्त जर्मनाचे पाय. मनोज बटणं दाबतोय, चौथरा ढिम्म.

दुबेनं तेलाच्या टाकीचं झाकण काढलं, नाक घातलं आणि ताडकन मागे सरला.

"ये टंकी में क्या डाला है?"

मनोज खाली बघू लागला. "मान दिला."

"क्या दिया?"

"नवीन वस्तू दारात आली की तिला मान द्यायला लागतो ना साहेब. ट्रॅक्टरला दिला, जेसीबीला दिला. थोडी दारू, थोडे हळदीचे तांदूळ."

"ट्रॅक्टर की टंकी में डाला था?"

"त्याला चाकावर शिंपडला. पन हा परदेशी पावना. म्हटलं, नीट पाजावी."

दुबेनं कपाळ बडवलं. "चावल वाल्व में फँसा है! अब खोलना पड़ेगा, टाइम लगेगा!"

"शिडी लावा, पोरांना उतरवा!" कुणीतरी ओरडलं. त्याबरोबर म्हाताऱ्या खवळल्या. बोहल्यावर चढलेली नवरी लग्न लागल्याशिवाय उतरत नसते. उतरली तर दोन्ही घरांवर अवदसा. भटजी म्हणाले, मंगलाष्टकं मी खालून म्हणतो, माझा आवाज पोचतो. माळा वर फेकू. मुहूर्त टळायला नको.

केसरीनाथ धावत ठकुबाईकडे आला. डीजे बंद पडला होता, त्यामुळे त्याची धाप साऱ्या मांडवाला ऐकू येत होती.

"काकी, गा गं! माइक घे, खालूनच गा."

"आता गा?" ठकुबाईचा आवाज चढला. "मघाशी मना खुर्ची दाखवलीस. आता जर्मन उताणा पडला तवा काकी आठवली? मी काय तुजी भोंग्याची तबकडी हाय, कुठूनपन लावली न वाजली?"

"चुकलं असल, पन येळ बघ—"

"असल? असल म्हनतंस?"

ती वळली आणि चालू लागली. खरंच गेली असती. तिची चप्पल मांडवाबाहेर पडलीच होती. तेवढ्यात वरून, कापडाच्या भोकातून, क्षितिजाचा रडका आवाज आला. "ठकुआजी! कुठं चाललीस गं? माजा हात कोन धरल?"

ठकुबाई थांबली. राहीबाईचा सुकलेला हात, त्याच्यात त्या वेळी मावलेला पोरीचा एवढासा पंजा, सगळं तिच्या तळव्यात भरून आलं. राग कमी झाला असं समजू नका. त्यानं फक्त तोंड फिरवलं.

"मांडववाल्या, शिडी लाव!"

सत्तरी ओलांडलेली बाई बांबूच्या शिडीवर चढू लागली. एकेका पायरीला एकेकाचा उद्धार. पहिलीला डीजे, दुसरीला व्हिडिओवाला, मग मॅनेजर, मग मनोज; आणि केसरीनाथाच्या वाट्याला उरलेल्या सगळ्या. वर पोचली तेव्हा तिला खाडीपर्यंतचे गोदामांचे पत्रे दिसले म्हणतात. ती त्यांच्यावरही थुंकली. मग क्षितिजाला म्हणाली, "सरक. दोघंच मावतात म्हने!" आणि ऐसपैस मांडी घालून बसली.

पोरीचा हात हातात घेऊन ती गायला लागली. माइक नव्हता, पण रागाला माइक लागत नाही. तिनं गावदेवीला बोलावलं, विहिरीला बोलावलं, उखळाला बोलावलं. राहीबाईला नाव घेऊन बोलावलं तेव्हा खाली बायकांनी पदर डोळ्यांना लावले. मग तिची गाडी यजमानाकडे वळली.

"केसरीनाथाच्या दारी गं, जर्मन पावना आयला,
दारू प्याला, तांदूल खाल्ला, न उभ्या उभ्याच निजला.
घरधनी कसला शाना गं, गोदामाला भुलला,
लेकीचा हात सोडून त्यानं लोखंडाचा धरला!"

वऱ्हाड हसलं. केसरीनाथ हसला नाही. धवलारणीला मध्येच थांबवता येत नाही, तेवढं तो विसरला नव्हता. मान खाली घालून त्यानं सगळं ऐकलं. माळा पडल्या, अक्षता पडल्या, लग्न लागलं.

दुबेनं वाल्व खोलून तांदळाचा दाणा काढला. "आंटीजी, अब नीचे लाता हूँ!"

"थांब!" ठकुबाई वरून कडाडली. "पोरांना आन. मी तुज्या जर्मनावर बसून येयाची न्हाय."

जशी चढली तशीच ती शिडीनं उतरली. खाली केसरीनाथ नवं लुगडं आणि नारळ घेऊन उभा होता. बोलला, "काकी, घे गं. झालं गेलं सोड. पुढच्या साली आपल्या मनोजचं हाय, तवा तूच."

तिनं लुगड्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"राहीला दिलेला शबूद मी पाळला. तुना मी काय देनं लागत न्हाय. मनोजच्या लग्नात जर्मनालाच बसव गायाला."

आणि ती अंधार पडायच्या आत घरी गेली. मांडवात मनोज एकदा बापाकडे आणि एकदा त्या आता मिटलेल्या लोखंडी पायांकडे बघत राहिला.