मास्तरांची कवळी

“आ करा, मामंजी.”

मास्तरांनी ओठ असे मिटले की त्यांतून सुईसुद्धा शिरली नसती. जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस. दुकानात ओठांत टाचण्या धरून गिऱ्हाइकांशी गप्पा छाटायचा, पण सुनेसमोर तोंड उघडायचं म्हटलं की सगळं संपलं.

“उद्या बघू,” ते पुटपुटले.

“उद्या-उद्या करत परत दवाखाना गाठाल.”

तिचं काही चुकत नव्हतं. दुसऱ्यांदा न्यूमोनिया होऊन मास्तर परवाच घरी आले होते. छातीला तेल चोळ, वाफारा दे, खिडक्या लाव, सून बिचारी करून करून दमली होती. दुखणं रेड्याला नि डाग पखालीला, दुसरं काय! या खेपेला डॉक्टरांनी बॅटरी मारून तोंडात पाहिलं आणि विचारलं, “रात्री यांची कवळी कोण काढतं?”

मुलानं बायकोकडे पाहिलं, बायकोनं नवऱ्याकडे. सासूबाई होत्या तोवर जेवणं झाली की त्या खोलीचं दार लावून घ्यायच्या. त्या गेल्या आणि कवळी दिवसरात्र तोंडातच राहिली. घरच्यांनी मास्तरांचा मान राखून कधी विचारलं नाही, आणि त्या मानानंच घात केला.

“तोंडातली घाण झोपेत थुंकीबरोबर छातीत उतरते,” डॉक्टर म्हणाले. “या वयात ती खोकून टाकवत नाही. रोज तोंड साफ करा, झोपताना कवळी बाहेर काढा. पुन्हा असं झालं तर यांना झेपायचं नाही.”

म्हणून आता जेवणं उरकून सून पलंगाच्या कडेवर बसली होती.

“लाजता कुणाला? मी काय परकी आहे?”

“परकी असतीस तर काढली असती,” मास्तर म्हणाले. “तिच्याशिवाय कुणी पाहिलं नाही मला तसं. नुसतं बोळकं होतं गं तोंडाचं. हसशील.”

“हसेन थोडी. सासूबाई गेल्या, माझी आई गेली. आता तुम्हीही निघालात तर मी मामंजी कुणाला म्हणू?”

मास्तर चादरीची शिवण चाचपत राहिले. मग त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि जरा वेळानं पाठीमागून हात पुढे आला. हातात कवळी होती. वास असा की नको. पण तिनं नाक मुरडलं नाही. मोरीत नेऊन ब्रशनं घासली, वाटीत पाण्यात ठेवली.

ती परत आली तेव्हा मास्तर आपणहून वळले होते. गाल आत गेलेले, डोळे घट्ट मिटलेले. सून हसली नाही. बोटाला ओलं फडकं गुंडाळून तिनं खालची हिरडी हळूहळू पुसली.

“ती दिवा घालवून करायची,” मास्तर म्हणाले. शब्द दातांवाचून फुसफुसत निघाले, तरी तिला पहिल्याच खेपेला कळले. तिचा हात बटणाकडे गेला.

“राहू दे,” मास्तर म्हणाले. “वरची हिरडी राहिलीय.”