तिसऱ्या गिअरचं खापर

फ्रिजवर एक तक्ता चिकटवलेला होता. गाडीच्या गिअरची दांडी कमी हलवावी लागावी म्हणून बसवायच्या शॉर्ट शिफ्टरची तीन किट आणि प्रत्येकापुढे चार रकाने: दांडीचा प्रवास किती कमी होतो, जोर किती लागतो, खडखड किती होते, आणि शेवटचा रकाना, 'बायकोला जमेल का'. पहिल्या किटपुढे 'बहुतेक', दुसऱ्यापुढे 'हो', तिसऱ्यापुढे नुसतं प्रश्नचिन्ह. चार महिने व्हिडिओ बघून नवऱ्याने हा तक्ता तयार केला होता आणि आल्यागेल्याला तो कौतुकाने दाखवायचा. फ्रिजमधून दूध काढायला गेलं की रोज सकाळी तो शेवटचा रकाना तिच्या तोंडासमोर यायचा.

गाडी दोघांनी मिळून घेतलेली. दोन सीटची, जुनी, पण नाकीडोळी नीटस. एक रविवार त्याचा, एक तिचा, असं ठरलेलं. गेल्या वर्षी तिसरा गिअर सटकायला लागला. टाकला की पडायचा आणि थोडं अंतर गेलं की आपोआप बाहेर यायचा. पहिल्यांदा हे झालं तेव्हा गाडी ती चालवत होती. बस्स, तेवढं पुरलं.

"तू गिअर अर्धवट टाकतेस," नवरा म्हणाला. "तुझी चूक नाही गं. दांडीचा प्रवासच लांब आहे, तुझा हात पुरत नाही. शॉर्ट शिफ्टर बसवू. तुझ्यासाठीच बसवू."

आणि तोवर किल्ली त्याच्या खिशात. तिचे रविवार बंद.

नवरा विमा कंपनीत होता. अपघातात चूक कोणाची, हे ठरवणं हेच त्याचं काम. ती दातांच्या लॅबमध्ये कवळ्या आणि कॅप बनवायची. केसभर उंची इकडची तिकडे झाली तर माणसाला घास चावता येत नाही, अशा कामात तिची एकोणीस वर्षं गेलेली. तिच्या हाताला आजवर कोणी जड म्हटलं नव्हतं. आता तिच्या हाताला गिअर जमत नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक झालं. सासूबाईंनी तर जेवताना मायेने विचारलं, "अजून पडत नाही का गं तुझ्याच्याने तो तिसरा?" तिने त्यांना आमटी वाढली. जेवण काही गोड लागलं नाही.

शॉर्ट शिफ्टर म्हणजे काय, हे तिनेही वाचून काढलं होतं. दांडी ज्या टेकूवर फिरते तो टेकू थोडा वर घेतात. मग दांडी थोडीशीच हलवली तरी गिअर पडतो, पण जोर जास्त लावावा लागतो. गिअर बदलायला मजा येते, हे खरं. पण पडलेला गिअर बाहेर येत असेल तर दांडी तोकडी करून काय होणार? हे तिने नवऱ्याला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्याने तिला व्हिडिओ पाठवला.

शेवटी दोघं गॅरेजमध्ये गेली. मेकॅनिकला सगळे उस्ताद म्हणायचे. गिअरबॉक्सच्या कामात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. टेबलावर त्याने तिन्ही किट मांडून ठेवली होती. नवऱ्याने एकेक दांडी हलवून पाहिली, प्रवास चाळीस टक्के कमी करणाऱ्या दांडीवर रेंगाळला आणि म्हणाला, "हिच्यासाठी ही बरी पडेल ना?" उस्तादाने तिच्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि त्यालाच चालवायला बसवून गाडीतून एक चक्कर मारून आला. परत आल्यावर म्हणाला, "आधी गिअरबॉक्स उघडतो. मग किट ठरवू."

पाच दिवसांनी बोलावणं आलं. ट्रेमध्ये पुसून ठेवलेला लोखंडी आकडा होता, दोन बोटांचा. याचं नाव फोर्क. दांडी हलली की हा आतला गिअर सरकवतो, असं उस्तादाने समजावलं. तिने तो उचलून उजेडात धरला. एका बोटाची एकच बाजू झिजून आरशासारखी झाली होती. दुसरी बाजू नव्यासारखी. अशी झीज तिने हजारदा पाहिलेली. आदळआपट करणाऱ्याचे दात टवके उडून फुटतात. असे गुळगुळीत, एकाच अंगाने झिजतात ते सतत दाबून धरणाऱ्याचे.

सतत दाबून धरणारं कोण, हे तिला वेगळं सांगायला नको होतं. नवरा एका हाताने स्टिअरिंग धरायचा आणि दुसरा हात दांडीवर ठेवायचा. सिग्नल असो, सरळ रस्ता असो, तो हात तिथेच, म्हशीच्या पाठीवर बसलेल्या बगळ्यासारखा. ती दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवायची, म्हणून तो तिला शिकाऊ म्हणायचा. नाचता येईना अंगण वाकडं, हे निदान ऐकलेलं तरी आहे. इथे नाचत होता नवरा आणि वाकडे ठरले होते बायकोचे पाय.

उस्तादाने फडक्याला हात पुसले आणि म्हणाला, "वहिनी, दांडीवर हात ठेवून बसायची सवय सोडा. त्या हाताचं वजन सगळं ह्या फोर्कवर येतं."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. आता बोलेल, असं तिला मनापासून वाटलं. पंधरा वर्षांचा संसार होता, एक वाक्य काही जड नव्हतं. गॅरेजमध्ये आणखी दोन गिऱ्हाइकं होती, तीही ऐकत होती. नवऱ्याने मिठाची गुळणी धरली होती. त्याने टेबलावरची चाळीस टक्केवाली दांडी उचलली, उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "ही बसवली तर हिची सवय सुटेल का, उस्ताद?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आवाज तिने चढू दिला नाही.

"किट कुठलंच नको," ती उस्तादाला म्हणाली. "नवा फोर्क घाला. दांडी आहे तीच राहू दे. आणि गाडी तयार झाली की फोन मला करा."

सात दिवसांनी गाडी तयार झाली. किल्ली तिने घेतली. त्याच्या बाजूचं दार बाहेरून उघडत नसे; तिने ते आतून उघडलं आणि नवरा शेजारी बसला, हात मांडीवर ठेवून. तिसरा गिअर पडला तो पडलेलाच राहिला. पाच-सहा किलोमीटर तिने तो मुद्दाम पुन्हापुन्हा टाकून पाहिला. मग नवरा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "तसं बघितलं तर हात माझाच असायचा."

"कधी कळलं?"

"उस्ताद म्हणाला तेव्हाच."

"मग बोलला का नाहीस?"

"चार लोकांत काय बोलणार? नंतर सांगणारच होतो. आता सांगितलं ना?"

"चार लोकांत माझं नाव निघालं होतं," ती म्हणाली. "आणि सांगतोयस बंद काचेत."

पुढच्या चौकात तिने गाडी वळवली. कुठे चाललीस, असं त्याने तीनदा विचारलं. जिथे तोंड शिवून बसला होतास तिथे, असं तिने एकदाच सांगितलं.

उस्ताद एका गाडीखालून बाहेर आला. काही बिघडलं का, म्हणून घाबरलाच. तिने मानेने नवऱ्याकडे खूण केली.

"ते फोर्कचं," नवरा घसा खाकरत म्हणाला, "ते जरा आमच्याकडून..."

"आमच्याकडून नाही," ती म्हणाली.

"माझ्याकडून झालं. दांडीवर हात मी ठेवायचो. ही नाही."

इंजिनात डोकं घातलेल्या दुसऱ्या मेकॅनिकने डोकं वर काढलं आणि पुन्हा आत घातलं. उस्ताद मात्र हसला, एखाद्या पोराने उशिरा का होईना पाढा बरोबर म्हटल्यावर हसतात तसा.

"ठाऊक आहे साहेब. चक्कर मारली ना आपण, तेव्हाच पाहिलं. हात हलला नाही तुमचा दांडीवरून."

आता मात्र ती त्याच्याकडे वळली. नवऱ्यावरचा राग तिच्या ओळखीचा होता. हा नवा होता. "ठाऊक होतं, तर मला का म्हणालात? फोर्क माझ्या हातात असताना, सगळ्यांसमोर, वहिनी म्हणून?"

"साहेबांना तोंडावर कसं म्हणणार, वहिनी? गिऱ्हाईक आहेत. म्हटलं, तुम्हाला बोलावं, ते समजून घेतील. लेकी बोले सुने लागे."

"सुनेला काही लागलं नाही, उस्ताद," ती म्हणाली. "सुनेने दांडी कुठली घ्यायची ते विचारलं. लागलं ते लेकीला."

उस्तादाचं हसू मावळलं. त्याने फडकं खाली ठेवलं, तिच्यासमोर नीट उभा राहिला आणि म्हणाला, "चुकलं माझं, वहिनी."

दोनच शब्द, सगळ्यांच्या देखत. जो तिचा कोणी नव्हता, त्याला ते उभ्या उभ्या जमले. नवऱ्याला अजून जमले नव्हते. हात माझा होता, एवढंच तो म्हणाला होता. तिने क्षणभर वाट पाहिली. तो घड्याळ बघत होता.

ती गाडीत बसली, आणि त्याच्या बाजूचं दार तिने आतून उघडलं नाही.