थांबा नसलेली चार माणसं

सलग अकरावा दिवस, आणि मुग्धाच्या स्क्रीनवर कोडमधल्या चुका दाखवणाऱ्या अजून दोनशे छत्तीस लाल रेघा. नागपूरच्या मनीषनगरातल्या त्या तीन खोल्यांच्या कंपनीतून हिंगण्याच्या एका कारखान्याच्या बसचं ॲप चालायचं. ॲपनं विचारायचं, आणि सर्व्हरवरच्या रिझॉल्व्हर नावाच्या कोडच्या तुकड्यांनी उत्तर द्यायचं. उत्तरात काय येणार, आकडा, नाव की नुसती रिकामी जागा, हे तीन वर्षांपूर्वी कुणी ठरवलंच नव्हतं. घाई होती ना. सगळीकडे ‘काहीही चालेल’ असं लिहून मोकळे. आणि लिहिणारं कोण? तर हीच बाई. आता एकेका उत्तराचा टाइप, म्हणजे प्रकार, पक्का करताना ती स्वतःच्याच नावानं बोटं मोडत होती.

त्यात ॲपच्या तक्रारीही तिच्याकडेच, आणि रोज सकाळी हुडकेश्वरच्या गोपिकाचा फोन. कारखान्यात पॅकिंगला होती ती. "मॅडम, आजही बस थांबली नाही. मी उभीच होती." मुग्धा ॲप पाहून ठरलेलं उत्तर द्यायची: नोंद दिसत नाही, तुम्ही थांब्यावर नसाल. महिनाभरात गोपिकाला गैरहजेरीच्या दोन नोटिसा आल्या. सोमवारी कारखान्याच्या साहेबापुढे उभं राहायचं होतं, आणि तिथून बहुतेक कायमचं घरी बसायचं.

दुपारी एक लाल रेघ काही केल्या जाईना. माणसाच्या नावापुढची थांब्याची जागा रिकामी असू शकते, असं कंप्युटरचं म्हणणं. तिथं एक उद्गारचिन्ह टाकलं की तो गप्प बसतो; मला खात्री आहे, हे त्याला सांगायची ती रीत. मुग्धाचं बोट तिथवर गेलंही. पण असल्या खात्र्यांचाच तर उकिरडा उपसत बसलोय, असं म्हणून तिनं वैतागून यादी उघडली. चार माणसांच्या नावापुढे थांबाच भरलेला नव्हता. चौथं नाव गोपिकाचं.

हुडकेश्वरकडची ही माणसं थांब्यावर कधी जातच नसत. जुना ड्रायव्हर धोंडबा चेहरे ओळखायचा, हात दिसला की गाडी उभी करायचा. म्हणून त्यांचा थांबा कुणी भरलाच नाही, आणि मुग्धाच्या कोडनं ती नावं ड्रायव्हरच्या यादीतून मुकाट गाळली. धोंडबा होता तोवर कुणाचं अडलं नाही. महिन्यापूर्वी तो निवृत्त झाला, आणि नवा ड्रायव्हर मोबाइलवर नाव असलं तरच थांबतो. बाकीचे तिघे मोटरसायकलनं जाऊ लागले. राहिली गोपिका. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय.

मुग्धानं कारखान्याला लेखी कळवायचं म्हटलं. "दुरुस्त कर अन् विसर," कंपनीचा मालक केयूर म्हणाला. "लेखी काहून देऊन राहिली? कंत्राट जाईल आपलं."

भांडायलाही अंगात त्राण लागतं. मुग्धानं दुरुस्ती सर्व्हरवर चढवली, कारखान्याला पत्र लिहायला घेतलं आणि गोपिकाला फोन लावला. "गोपिकाताई, चूक माझी होती. तुमचं नाव यादीत जातच नव्हतं. उद्यापासून बस थांबेल."

"बस थांबन त थांबन," गोपिका म्हणाली. "पण आता घरचेबी मले खोटारडी म्हणून राहिले, मॅडम. मी खोटं बोलत नव्हती, एवढं लिहून द्या साहेबाले."

पत्राची सुरुवात ‘तांत्रिक अडचणीमुळे’ अशी झाली होती. मुग्धानं ती ओळ पुसली. ‘गोपिका खरं बोलत होत्या, चुकीचं आम्ही सांगत होतो,’ असं लिहिलं, खाली स्वतःचं नाव घातलं, आणि केयूर समोर उभा असतानाच पाठवून दिलं.